शेवटचा फर्मा उलटा

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि खरं सांगू का, आता फार दमले आहे. शापाने मुका झालेला राजपुत्र आणि जादूगारणीकडून त्याचा आवाज डबीत भरून आणणारी कुंभाराची लेक, अशी माझी गोष्ट. ती इतक्यांदा सांगून झाली आहे, की राजपुत्र घोड्यावर बसला की हल्ली माझीच कंबर दुखते.

वाचनालयात आल्यावर वर्षभरातच माझी पाठ खिळखिळी झाली, म्हणून मला बाइंडरमामांकडे धाडलं. मामांचा हात चोख, पण जिभेला विश्रांती नाही. जावयाची गाऱ्हाणी सांगता सांगता त्यांनी माझा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांचा गठ्ठा, उलटा शिवला. तेव्हापासून माझा शेवट डोक्यावर उभा आहे. वाचक वैतागायचे. पुस्तक फिरवून वाचा की, असं म्हणून ग्रंथपालबाई त्यांना वाटेला लावायच्या. मला मात्र लाज वाटायची.

एका दुपारी शिवणकाम शिकणारी एक मुलगी मला टेबलावर ठेवून वाचत होती. समोर घड्याळं दुरुस्त करणारा एक लाजरा पोरगा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. शेवटचा फर्मा आला तशी ती मला फिरवू लागली. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "राहू द्या. इकडून सरळ दिसतंय. मी वाचून दाखवू?"

आणि त्याने वाचलं, अडखळत, कुजबुजत. डबी उघडते आणि राजपुत्र पहिल्यांदा तिचं नाव घेतो, तिथे पोराचे कान लाल झाले. बाईंनी खाकरून पाहिलं, पण दोघांचं लक्ष कुठे होतं? पुढे त्यांचं लग्न झालं. तरी दोघं अधूनमधून यायची, समोरासमोर बसायची आणि शेवट त्यानेच वाचायचा हे ठरलेलं. माझ्या आयुष्यातलं सुख म्हणाल तर तेवढंच.

मग बरीच वर्षं ती आली नाहीत. कोणी माझे कोपरे दुमडले, कोणी राजपुत्राला पेनाने मिशा काढल्या. शेवटी माझी नवीकोरी प्रत आली आणि मी रद्दीच्या पोत्यात गेले. म्हटलं, सुटले एकदाची.

परवा पोत्याबाहेर ओळखीचा आवाज ऐकला. तीच, केस पिकलेली, आणि एकटी. नव्या ग्रंथपालाने नवी प्रत पुढे करून सांगितलं, "मावशी, ही घ्या. हिच्यात सगळी पानं सरळ आहेत."

"हे गेले रे मागच्या महिन्यात," ती म्हणाली. "सरळ पुस्तक घेऊन मी काय करू? मला उलटंच हवंय."

त्याने पोतं ओतलं. ती मला घेऊन त्याच टेबलाशी बसली आणि वाचत गेली. शेवटचा फर्मा आला. तिने मला फिरवलं नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मिटणार. पण ती उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या खुर्चीत बसली आणि स्वतःच्या रिकाम्या खुर्चीला शेवट वाचून दाखवू लागली. डबी उघडली तिथे तिला आवाज फुटेना. मी तशीच उघडी पडून राहिले. मला दुसरं काय जमणार?

मित्रांनो, आमचे कोपरे दुमडू नका, मिशा काढू नका, हे तर आहेच. पण रद्दीत घालण्याआधी जरा विचारा, आत कुणाचा आवाज राहिलाय का.

मला आता कपाटात परत ठेवलंय. ती पुन्हा येते म्हणाली आहे. दमले असले तरी उघडावं तर लागेलच.