बोटीत धरलेली जागा

ऑस्ट्रेलियाहून परत येऊन मला महिना झाला. तरी सेनगावच्या बसस्टँडवर अमृतराव भेटला की त्याचं एकच, "किसनराव, देवमासा केवढा व्हता?"

"एसटीएवढा," मी ठोकून देतो. मी देवमासा पाहिलाच नाही.

पाहायचा होता शालूला, माझ्या बायकोला. नातीने ऑस्ट्रेलियाहून पाठवलेला देवमाशाचा व्हिडिओ तिने दहादा पाहिला आणि म्हणाली, "मला ह्यो खराच दाखवा." दिपकने, तिकडेच राहणाऱ्या आमच्या पोराने, दोघांची तिकिटं काढली. निघायला दोन महिने उरले असताना शालू गेली. तिच्या वाटचा तरी पाहून यावा म्हणून मी एकटाच विमानात बसलो.

देवमासा दाखवायला समुद्रात नेणाऱ्या बोटीवर दोन-दोनचे बाक होते. दिपक नातीला घेऊन पुढे बसला. मी मागच्या बाकावर कडेला बसलो आणि शेजारी रुमाल टाकला. चाळीस वर्षं एसटीत हेच केलं. मी घुसून जागा धरायची, शालू पिशव्या घेऊन मागून यायची. हात आपोआप चालला, डोकं नंतर. रुमाल उचलायला हवा होता, पण उचलवेना. गोरी माणसं भलतीच सभ्य! बोट भरली, दोघं-तिघं उभी राहिली, पण एकाने विचारलं नाही. कोणीतरी जागेवरून भांडावं माझ्याशी, असं फार वाटत होतं.

एकदम आरडाओरडा झाला. सगळे पलीकडच्या कठड्याकडे धावले.

"बाबा, लवकर या!" दिपक ओरडला.

मी उठलो नाही. उठलो तर जागा जाईल, एवढंच डोक्यात. रुमालावर पंजा दाबून लोकांच्या पाठी पाहत बसलो. पाठींपलीकडे फस्सकन मोठा आवाज झाला, तेवढाच काय तो माझा देवमासा.

"दिसला ना बाबा?"

"दिसला."

परतताना त्या बाकावर जितकं एकटं वाटलं, तितकं शालूच्या तेरवीलाही वाटलं नव्हतं.

आज हिंगोलीची गाडी लागली. सवयीने खिडकीतून रुमाल आत फेकला, धक्के खात चढलो. खिडकीशी बसून रुमाल शेजारी सरकवला. गाडी खचाखच भरली. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई माझ्यापाशी येऊन थांबली.

"मामा, हितं कोनी येऊन राहिलं का?"

'व्हय' ओठांवर आलं होतं. लेकरू माझ्याकडे टक लावून पाहत होतं. मी रुमाल उचलून मांडीवर घेतला.

"न्हाई बाई," मी म्हणालो. "कोनी येत न्हाई आता. बस."