सगुणाबाईंचा आवाज आणि बेल्टचं टेन्शन

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मालिनीताईंचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. तिथल्या पाकिटं भरायच्या मशीनला एका सकाळी काय झालं कोण जाणे, ते पाकिटं कडेला कापायचं सोडून बरोबर मधोमध कापू लागलं. दर कापाला तिखटाचा लाल भपकारा उडायचा आणि सगळी शेड शिंकायची.

मालिनीताईंनी नाकाला रुमाल लावून विश्वेशला बोलावलं. मशीन दुरुस्तीची कामं घेणाऱ्या या तरुण इंजिनीअरने नुकतंच एक नवं मीटर घेतलं होतं आणि ते कधी एकदा वापरतो असं त्याला झालं होतं.

मशीन बंद करून त्याने झाकण काढलं. आत दोन चाकांवर एक दातेरी बेल्ट होता.

"हा सैल पडला असणार. दाते सटकतात, मग कटरची वेळ चुकते," तो म्हणाला. "बेल्टला टिचकी मारायची. जितका ताणलेला, तितका वरचा सूर. मीटर तो सूर ऐकून आकडा दाखवतं. एकशे ऐंशी आला की टेन्शन बरोबर."

"माझंही मोजून दे," मालिनीताई म्हणाल्या.

त्याने टिचकी मारली. एकशे ऐंशी! विश्वेश चक्रावला. त्याने बेल्ट थोडा घट्ट केला. एकशे ऐंशी. मग चांगलाच सैल केला. तरी एकशे ऐंशी. आता तर बेल्ट दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

"लोंबतोय रे तो," मालिनीताई म्हणाल्या.

"पण मीटर बरोबर म्हणतंय ना!" असं म्हणून विश्वेशने मशीन चालू केलं.

आधीचा भपकारा परवडला म्हणायची वेळ आली. कुणाला कुणी दिसेना. धूळ बसल्यावर त्याने डोळे पुसत मशीन बंद केलं आणि हातातल्या मीटरकडे पाहिलं. कुणी बेल्टला हातही लावला नव्हता, तरी आकडा झळकत होता! शेजारच्या टेबलावर पाकिटं मोजणाऱ्या सगुणाबाई आपल्या नणंदेच्या लग्नाची हकीकत सांगत होत्या. सकाळपासून त्या थांबल्या नव्हत्या. विश्वेश मीटर घेऊन त्यांच्यासमोर गेला.

"मावशी, जरा 'आ' म्हणा बरं."

"आऽऽ! दात बघतोस का काय?"

एकशे ऐंशी.

"मावशी, हे तुमचा आवाज मोजतंय! मी टिचकी मारीपर्यंत गप्प बसाल का?"

शेडमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. असं सगुणाबाईंना आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

"माझ्या बोलण्यानं मशीन बिघडलं व्हय? ऱ्हायलं मग! नाय बोलत जा!" त्या फणकारल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

शेड शांत झाली. विश्वेशने टिचकी मारली. आकडा शंभराच्याही खाली! त्याने मोटरचे बोल्ट सैल करून तिला मागे सरकवलं, बेल्ट हाताने फिरवून पुन्हा टिचकी मारली, पुन्हा सरकवलं. आकडा जागेवर आल्यावर बोल्ट आवळले. मशीन चालू झालं आणि पाकिटं शहाण्यासारखी कडेला कापली जाऊ लागली.

सगुणाबाई मात्र बोलेनात. विश्वेशने माफी मागितली, ताईंनी चहा पुढे केला, तरी नाही. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावून विचारून गेला, "आज कारखाना बंद आहे का?"

बातमी पुढच्या गल्लीत पोचेपर्यंत फुगली. तिथल्या कंपनीच्या गेटवर सगुणाबाईंचे नवरे फकिराभाऊ वॉचमन होते. त्यांच्या कानावर आलं, बायकोची वाचा गेली! ते रिक्षा घेऊन धावत आले, टोपी उलटी.

"सगुणा! शिवी दे, पण बोल गं! चल, दवाखान्यात जाऊ!" त्यांचे डोळे भरून आले.

सगुणाबाई उठून त्यांच्याजवळ आल्या.

"डोळ्यात तिखट गेलं का काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाय गं. लय भ्यालो."

सगुणाबाईंचा फणकारा कुठल्या कुठे गेला. त्यांनी नवऱ्याची टोपी सरळ केली, पदराने त्यांचे डोळे पुसले आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं.

"आन गेटवर कोण हाय?"

फकिराभाऊंनी जीभ चावली.

"मोकळं टाकून आलात व्हय गेट? साहेब आला तर? चला आधी!"

त्यांनी नवऱ्याला रिक्षात कोंबलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली, तरी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. फकिराभाऊंचं हसणंही.