'मग' आणि 'म्हणून'

मी एक जुना कापडी तक्ता आहे, मित्रांनो. अंगभर नुसते खिसे, आणि खिशांत वाक्यांच्या पट्ट्या. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत मी टांगलेला असतो. वस्तीतल्या शकुमावशींनी जुन्या निळ्या चादरीतून मला शिवलं. टाके वाकडे पडलेत, पण चालतंय.

शाळा सुटली की सपनाताई इथे मुलांना मराठी आणि इतिहास शिकवायच्या. गोष्टीच्या पट्ट्या विस्कटून द्यायच्या आणि क्रमाने लावायला सांगायच्या. मग काय कल्ला व्हायचा! आठवीतली तेजल त्यात हुशार, आणि तिची धाकटी बहीण निधी भारी बडबडी. एकदा निधीने पट्ट्या लावल्या: रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झालं, म्हणून सिद्धार्थाने घर सोडलं. याच उत्तराला शाळेत तिला भोपळा मिळाला होता. शाळेतलं उत्तर वेगळं. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहिलं, म्हणून सोडलं. निधी फुरंगटली. विहारात तर पाण्याचंच भांडण सांगतात ना, मग खोटं कोण बोलतंय?

सपनाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "क्रम सांगायला 'मग' पुरतं. 'म्हणून' म्हणजे कारण. ते लिहिण्याआधी दहा वेळा विचार करायचा."

मला ते फार आवडलं होतं.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी एक पट्टी फाटली. तेजलने निधीला घरून डिंक आणायला पिटाळलं. निधी कुरकुरत गेली. थोड्या वेळाने मोठा आवाज झाला आणि मी खिळ्यावर हललो. वस्तीच्या वरची संरक्षक भिंत घरांवर कोसळली होती. तिला तडे गेलेत हे लोक कितीदा तरी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात सांगून आले होते. कुणी फिरकलं नाही. निधी परत आली नाही.

अभ्यासिकेत बेघर झालेली माणसं राहायला आली. मला उतरवून कपाटामागे कोंबलं. राग नाही, त्यांना जागा हवीच होती. पण तिथे उंदरांनी माझे खिसे कुरतडले आणि कुणाला पत्ता नव्हता.

पुढे सपनाताईंनी मला झटकून पुन्हा टांगलं. तेजलही यायची, पण पट्ट्यांना हात लावायची नाही. पोरीची पार वाट लागली, असं बायका हळूच बोलायच्या. एका दुपारी तिने स्वतःच दोन पट्ट्या लिहून माझ्या खिशात घातल्या. 'मी निधीला डिंक आणायला पाठवलं.' 'म्हणून निधी गेली.'

सपनाताईंनी त्या वाचल्या आणि तिच्याजवळ खाली बसल्या.

"तेजल, इथे 'मग' येईल गं."

"मी पाठवलं नसतं तर?"

ताईंनी पेन उचललं. त्यांनी तिसरी पट्टी लिहिली, 'भिंतीला तडे होते, कुणी दुरुस्त केली नाही', आणि ती मधल्या खिशात घातली. "'म्हणून' यायचं तर ते याच्यापुढे," एवढंच त्या म्हणाल्या.

तेजल अजून रोज येते. ताईंची पट्टी वाचते, काढते, बाजूला ठेवते. तिच्या दोन पट्ट्या पुन्हा एकमेकींना लागून बसतात. माझ्याच खिशात त्या असतात आणि मला काही करता येत नाही. जीव तुटतो माझा.

मित्रांनो, मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. माझे फाटके खिसे शिवलेत तर बरंच होईल. पण तुमच्या वर्गात कुणी असं चुकीचं 'म्हणून' कवटाळून बसलं असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. ती मधली पट्टी रोज पुन्हा लावावी लागते. सपनाताई रोज लावतात.