राउटरवरचं लिंबू

चामराजपुरममधल्या पद्मनाभांच्या शिवणदुकानात गुरुवारी सकाळी चौदाही मशिनं बंद होती. सगळ्यांचे डोळे राउटरवर. त्याला लाल दोरा, दोऱ्याला लिंबू.

पद्मनाभ सारखे उठत-बसत होते. हूटगळ्ळीच्या एका शाळेच्या गणवेशांचं काम त्यांच्याकडे आलं होतं. मापं शनिवारी घ्यायची. पण त्यासाठी तीनशे पालकांना धाडलेल्या ईमेल बहुतेक स्पॅममध्ये पडल्या होत्या. शनिवारी मुलं आली नाहीत तर शाळा काम दुसऱ्याला देणार आणि चौदा बायका घरी बसणार.

"पत्रांना दृष्ट लागलीय," लिंबू बांधणारे हयग्रीवस्वामी म्हणाले. "राउटरचं तोंड दक्षिणेला. नोडी, बघा, काल माझ्या फोनवर पत्र स्पॅममध्येच पडलं ना? मंत्र म्हणून मी ते मोकळं केलं. आता पाठवा."

पद्मनाभांनी पाठवलं. स्वामींचा फोन वाजला. पत्र थेट इनबॉक्समध्ये. बायकांनी हात जोडले.

काजं करणाऱ्या म्हाताऱ्या अंबूताईंनी चष्मा वर सरकवला. "आता माझ्या फोनवर पाठव रे, पद्मनाभा."

पाठवलं. स्पॅममध्ये.

"तुमच्या फोनला शनी आहे, अम्मा."

"असू दे की. त्या तीनशे फोनांनाही असेल. त्यांचं काय करता?"

पद्मनाभांनी मलाही, म्हणजे मुलांना संगणक शिकवणाऱ्या मास्तराला, बोलावलं होतं. मी विचारलं, "स्वामी, पत्र मोकळं करताना बोट कुठं ठेवलंत?"

स्वामींनी फोन खिशात घातला. पद्मनाभ आठवून म्हणाले, "मास्तर, तिथं 'स्पॅम नाही' असं लिहिलं होतं."

"बस. त्या बटणानं त्यांच्या एकट्याच्या खात्याला तुमची ओळख पटली. बाकीच्यांना नाही."

कृष्णराजनगरला दुसऱ्या एका घरची दृष्ट काढायचीय म्हणत स्वामी उठले.

"पण आमचं पत्र खरं असूनही का अडतं?" अंबूताईंनी विचारलं.

"तुमचा माणूस कपडे घेऊन मोठ्या इमारतीच्या फाटकाशी गेला. वॉचमननं दुकानाला विचारलं, हा तुमचाच का? दुकान गप्प. आत सोडेल?"

पत्रं दुकानाच्या नावानं, पण दुसऱ्याच कंपनीमार्फत जात होती. ती आपलीच, असं दुकानाच्या वेब-पत्त्याच्या नोंदीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. संकेतस्थळ बनवणाऱ्या शशांकनं दुपारपर्यंत ती नोंद केली, पत्रांवर दुकानाची डिजिटल सही चढवली. अंबूताईंना मी फोनवर कशालाच बोट लावू दिलं नाही. त्यांनी तोवर दोरा सोडून लिंबू काढून ठेवलं होतं.

पत्र पुन्हा पाठवलं. त्यांच्या इनबॉक्समध्ये आलं.

मग पद्मनाभ वीस-वीस करून पत्रं धाडत बसले. एकदम तीनशे गेली की फाटकावर संशय येतोच. तरी काही अडलीच, त्या पालकांना फोन केले. शनिवारी मापाची रांग रस्त्यापर्यंत गेली.

मुलांनो, चमत्कार करणाऱ्याच्या हातातला फोन पाहू नका. आपला पुढे करा. आणि लिंबू काढूनही तेच घडतं का, तेवढं बघा.