शनिवारची अपॉइंटमेंट

"उरलेल्या लशी तुम्ही दिवस संपला की कचऱ्यात टाकता का?"

तनूने हे विचारलं ते मोठ्याने, खणखणीत इंग्रजीत, लंडनमधल्या क्रॉयडनच्या भर बाजारातल्या फार्मसीच्या काउंटरवर, मागे लांबलचक रांग उभी असताना. रांगेतली सगळी डोकी फोनमधून वर आली. शाम्पूच्या रॅकमागे लपलेल्या अमाराने आणि क्लोईने एकमेकींच्या स्कार्फमध्ये तोंडं खुपसली. हा प्रश्न त्यांनीच पैज लावून तिला विचारायला लावला होता. शाळा सुटल्यावर ट्रामची वाट बघताना अमारा म्हणाली होती, "तू? तू कसली विचारतेस! चिप्सवर व्हिनेगर नको, एवढंसुद्धा तुला सांगता येत नाही. नाक मुरडत तसेच खातेस."

गोष्ट खरी होती, पण जुनी. ऑक्टोबरात शाळेच्या भाषणाच्या परीक्षेत तनूला सगळ्यात वरची ग्रेड मिळाली आणि तिच्या तोंडाचं कुलूपच उघडलं. तेव्हापासून ती बसच्या ड्रायव्हरशी बोलायची, लायब्ररीतल्या आजोबांशी बोलायची, कुणी भेटलं नाही तर आरशाशी बोलायची.

फार्मसिस्ट बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. आता ओरडा बसणार, असं तनूला वाटलं.

"महिनाभर लोक येऊन माझ्यावर खेकसतायत, बुकिंग का मिळत नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "हे विचारणारी तू पहिलीच. बाटली उघडली की ती त्याच दिवशी संपवावी लागते. कुणी वेळ घेऊन आलंच नाही, तर बंद करताना मी दारात उभी राहून रस्त्यावर बघते, कुणी सापडतंय का. नाही सापडलं तर हो, टाकते. जिवावर येतं अगदी."

पैज जिंकल्याचं हॉट चॉकलेट अमाराच्या पैशाने पिऊन तनू तरंगतच घरी आली.

घरी बाबाची लढाई जुंपलेली होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, टॅब, त्याचा फोन, आईचा फोन. चारही पडद्यांवर एकच मजकूर: तुम्ही रांगेत आहात, तुमच्यापुढे इतके हजार लोक आहेत. कोविडच्या तिसऱ्या डोसचं बुकिंग सगळ्यांना खुलं होणार म्हटल्यावर त्या डिसेंबरात सारा देशच त्या एका वेबसाइटवर तुटून पडला होता.

"बाबा, रिफ्रेश नको करू ना! नंबर जातो!"

"मला शिकवतेस? कॉलेजात असताना पुण्याहून नागपूरचं तत्काळ तिकीट मी खिडकी उघडताक्षणी काढायचो. अख्खं हॉस्टेल माझ्यापुढे लाइन लावायचं." आणि बोलता बोलता बाबाने सवयीने बटण दाबलं. पुढे सहा हजार लोक होते, ते एकोणीस हजार झाले.

"गेली," स्वयंपाकघरातून तनूची आई नीना म्हणाली. "सुटली तुझी गाडी."

ही सगळी खटपट चालली होती खालच्या फ्लॅटमधल्या ज्युलिएट आंटींसाठी. आंटी मूळच्या भायखळ्याच्या, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. लग्न होऊन लंडनला आल्या आणि पोस्टात पत्रं वेगळी करता करता म्हाताऱ्या झाल्या. त्यांचे यजमान हिलेल अंकल गेल्या वर्षापासून वृद्धांच्या जवळच्या एका केअर होममध्ये होते. अंकलना विसरायला व्हायचं. आधी माणसांची नावं गेली, मग सगळं इंग्रजी गेलं आणि उरलं फक्त लहानपणीचं मराठी. तिथल्या नर्स मायाळू होत्या, पण अंकल त्यांना विचारत, "जेवलीस का?" आणि त्या बिचाऱ्या हसून त्यांची उशी सारखी करत. उत्तर द्यायला एकट्या आंटी.

आता होमने कळवलं होतं, की येत्या रविवारपासून तिसरा डोस झालेल्यांनाच भेटता येईल; डोसची अट नव्हती ती फक्त अठरा वर्षांखालच्यांना. तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला तीन पाहुण्यांची नावं देता येतील. "तीन चालतात म्हणे," आंटी म्हणाल्या होत्या. "आमचं आपलं एकच. मुलगा टोरांटोत." नोव्हेंबरभर त्या छातीच्या दुखण्याने पडून होत्या, म्हणून डोस राहिला. बिनबुकिंगच्या रांगा लसीकरण केंद्रांना वळसा घालून जात होत्या आणि थंडीत तासन् तास उभं राहायला आंटींचे गुडघे तयार नव्हते.

जेवणाच्या वेळी बाबाने टेबलावर मूठ आपटली. "मिळाली! शनिवार, सकाळी अकरा!" नीनाने लगेच शिरा टाकला. बाबाने स्पीकरवर फोन लावला. "आंटी, झालं काम! शनिवारी मीच गाडीने नेतो तुम्हाला."

पलीकडे कुणी काहीच बोललं नाही. मग आवाज आला, "बरं झालं हो, रघुवीर. फार कष्ट घेतलेस."

बाबाला ते शब्द ऐकू आले. तनूला त्याआधीची शांतता ऐकू आली. आपण स्वतः वर्षानुवर्षं व्हिनेगरवाले चिप्स खाताना अशाच गप्प बसायचो, हे तिला आठवलं. शिऱ्याची वाटी घेऊन ती खाली गेली.

"आंटी, खरं सांगा. काय झालं?"

"कुठं काय गो?" आंटी टेबलक्लॉथचं टोक दुमडत होत्या. दुमडत होत्या, उलगडत होत्या. "माझा आजा अलिबागजवळ तेलाचा घाणा चालवायचा. शनिवारी आमचा शब्बाथ, घाणा बंद. बैल सुद्धा आराम करायचे. सगळा गाव आम्हाला शनवार तेलीच म्हणायचा. इथं पोस्टात मी शनिवारची ड्युटी कधी घेतली नाही, बदल्यात रविवारच्या पहाटा काढल्या. शनिवारी मी गाडीत पाय ठेवला नाही हो कधी."

"मग बाबाला सांगा ना तसं!"

"वेडी का काय! एवढा राबला तो माझ्यासाठी. आणि जिवाकरता चालतं, पोरी. आमचे धर्मगुरू, रॅबाय, पण चालतं म्हणतील. जाईन मी." आंटी थांबल्या. "फक्त हिलेलला वाईट वाटंल. बाकी सगळं विसरला, पण शुक्रवारी सांज होऊन शब्बाथ लागायची वेळ झाली की अजून विचारतो, दिवा लावलास का."

तनूच्या डोक्यात काहीतरी टणकन वाजलं.

"आंटी, उद्या गुरुवार. उद्या चालतं?"

"गुरुवारची कुठून आणलीस अपॉइंटमेंट?"

"अपॉइंटमेंट नाही. कचरा आहे. कोट घालून रेडी राहा."

गुरुवारी फार्मसी बंद व्हायच्या सुमाराला दोघी तिथे पोचल्या. फार्मसिस्ट बाईंनी तनूला लगेच ओळखलं, "कचरावाली!" म्हणून हाक मारली आणि आंटींना बसायला खुर्ची दिली. पण वचन काही दिलं नाही. दोन डोस शिल्लक होते आणि दोन माणसं यायची होती.

दुकानातले दिवे एकेक करून मालवले गेले. शटर अर्धं खाली आलं. तेवढ्यात त्या दोघांतला एक, डिलिव्हरीवाला पोरगा, हेल्मेटसकट धापा टाकत शटरखालून आत शिरला आणि एक डोस गेला. तनू वाकून शटरखालून रस्त्यावर बघू लागली. आंटी मात्र हँडबॅग मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या, जणू पोस्टात शिफ्ट सुरू व्हायची आहे.

"नाही मिळाला तर नाही, तनू. चेहरा नको पाडू," त्या म्हणाल्या.

"पाडलाच नाही मी!" म्हणत तनू काउंटरपाशी गेली. कालचा प्रश्न पैजेचा होता. आजचा गरजेचा होता. "तुम्ही त्या दुसऱ्या माणसाला फोन करून बघाल का? प्लीज?"

बाईंनी फोन लावला. पलीकडचा गृहस्थ मजेत म्हणाला, की त्याने दुपारीच दुसरीकडे घेतली. सांगायचं राहून गेलं.

बाईंनी फोन ठेवला आणि आंटींकडे बघून सुई घेतली. आंटींनी कोट काढला, घडी करून तनूच्या हातात दिला आणि बाही वर केली. "टोच बाई," त्या चक्क मराठीत म्हणाल्या, आणि त्या बाईंना ते बरोबर समजलं.

तनूने तिथल्या तिथे, अर्ध्या शटरखाली उभं राहून, असा काही चीत्कार केला की रस्त्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. मग तिने फोन काढला. काल आंटींना दाखवायला म्हणून बाबाच्या ईमेलचा फोटो तिच्याकडे होताच, बुकिंग नंबरसकट. त्या मजेत बोलणाऱ्या गृहस्थासारखं करायचं नाही, एवढं तिला कळत होतं. शनिवारी अकराला कुणीतरी दुसरं तिथे बसू दे. तिने साइटवर तो नंबर टाकला आणि 'रद्द करा' दाबलं.

आंटींना घरात सोडून ती वर आली, तेव्हा बाबा केस उपटायचा बाकी होता. "गेली! साइटने आंटींची अपॉइंटमेंट खाल्ली! हे बघ, कॅन्सल झाल्याचा मेल!"

"साइटने नाही खाल्ली. मी कॅन्सल केली."

"काय?"

तनूने सगळं सांगितलं. पैज, कचरा, घाणा, शुक्रवारचा दिवा, शटर. बाबा ऐकता ऐकता खुर्चीत बसला.

"शनिवार," तो पुटपुटला. "इतकी वर्षं त्या शनिवारी अंधार पडल्यावरच वर चहाला येतात. माझ्या डोक्यातच नाही आलं." मग हळूच म्हणाला, "माझं तत्काळ वाया गेलं."

"नाही गेलं, बाबा. आत्ता कुणीतरी उड्या मारत असेल." तनूने कोटही काढला नव्हता. नाक थंडीने लाल झालं होतं. "आणि अजून एक. हिलेल अंकलसाठी तीन नावं चालतात. दुसरं नाव माझं असणार. मी ठरवलंय. दर रविवारी जाणार. रविवारची मॅथ्सची ट्यूशन दुसऱ्या कुठल्या वारी ठेवा, असं सरांना मीच फोन करून सांगेन."

"अगं, पण तिथे तू बोलणार काय?" नीना म्हणाली. "घरात आम्ही मराठीत विचारलं तर तू इंग्लिशमध्ये उत्तर देतेस!"

"ते विचारतील, जेवलीस का," तनू म्हणाली. "मी सांगणार, हो अंकल, जेवले. तुम्ही जेवलात का?"