उत्कर्षाची स्वच्छ पात
डोळे मिटा बरं, आणि वैरागजवळच्या काळ्या रानात कमरेएवढी कपाशी उभी करा. आता एका शेंड्याजवळ वाका. पीठ सांडल्यासारखं दिसतंय? ते पीठ नव्हे, कपाशीचा रस शोषणारा पिठ्या ढेकूण आहे. हा परदेशातून आला. त्याला खाणारे तिकडेच राहिले, म्हणून इथे तो माजला.

उत्कर्षाच्या नवनाथकाकाने त्याला खाणारे ढालकिडे आणले होते, बरणीभर, काळे, तांबूस डोक्याचे. रानात नेऊन झाकण उत्कर्षानेच उघडलं.

"आता फवारा मारायचा न्हाय, न्हायतर ह्येबी मरत्याल," काका म्हणाला.

"किड्यानं किडा मरतो व्हय?" कोंडीबा आजोबा हसले. "पोळ्यापतुर थांबतो. मग पंप हायच की."

पोळा जवळ आला तसं खुरपण निघालं. प्रत्येकीने आपली पात धरली. ओळीतलं तण काढत पुढे सरकायचं, आणि कुणाची पात स्वच्छ यावर दिवसभर चिडवाचिडवी. शेजारच्या बजाबाईंना आजवर कुणी मागे टाकलं नव्हतं. उत्कर्षाने त्यांच्या शेजारचीच पात धरली.

शेंड्यांवर ढेकणांमध्ये तिला मोठे, लोकरीचे झुबके दिसले. ते चालत होते.

"काकू, ह्यो बघा ढेकणाचा बाप."

"मग चिरड की. का त्याला आवतन देतीस?"

तिने चिरडला. मग पुढचा, त्याच्या पुढचा. खुरपं एका हातात, दुसरा हात शेंड्यावर. बजाबाई मागे पडल्या. आजोबा बांधावरून म्हणाले, "पोरीची पात बघा गं बायांनो."

संध्याकाळी काका तिच्या पातीतून पानं उलटत गेला आणि थांबला.

"पिल्लं कुटं गेली?"

"कसली पिल्लं?"

"ढालकिड्यांची. लोकर ल्यालेली. ढेकणासारखीच दिसत्यात, फक्त मोठी."

उत्कर्षाने हात मागे लपवला. बोटं अजून चिकट होती.

"मीच चिरडली," ती म्हणाली.

काका बांधावर बसला. "तुला बरणी दिली, पण पिल्लं कशी असत्यात ते सांगितलंच न्हाय. माझंच चुकलं."

बजाबाईंनी पदराने तोंड पुसलं. आजोबा पंप आणायला गेले. उद्या पोळा होता, त्यांनी दिलेली मुदत संपलीच होती.

बजाबाईंची पात अर्धीच झाली होती. उत्कर्षा तिकडे गेली आणि न खुरपलेल्या झाडांचा एकेक शेंडा वाकवून पाहू लागली. बऱ्याच वेळाने एका पानाखाली लोकरीचा एक झुबका हलला. एकच.

तिने वेणीची लाल रिबीन सोडून त्या झाडाला बांधली, आणि पाठीवर पंप घेऊन येणाऱ्या आजोबांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.