ब्रॉनविनच्या टेबलावरचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मेलबर्नच्या एका प्रयोगशाळेतल्या कपाटात झाकून ठेवलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझी भिंगं कुणी घासली ते मला आठवत नाही. आठवते ती ब्रॉनविन ट्रेगीअर. कॉफीचा मग लांब ठेवून ती रोज सकाळी माझ्या नेत्रभिंगाला डोळे लावायची.

भुलीच्या औषधांनी मेंदूतल्या चेतापेशींचं काय होतं, हे ती शोधत होती. उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना भूल दिली जाई. मग त्यांच्या मेंदूचे पातळ काप माझ्याखाली येत. मेलेल्या पेशी काळ्या दिसत. एकदा त्या इतक्या दिसल्या, की ती उठून खिडकीशीच जाऊन उभी राहिली. मोठा शोध म्हणून तिचं कौतुक झालं, माझंही झालं. तिला मात्र त्या पिल्लांसाठी वाईट वाटत होतं.

त्याच हिवाळ्यात तिची धाकटी बहीण केरिन तान्ह्या फिनला कडेवर घेऊन आली. त्याला हर्निया होता, जांघेत आतडं बाहेर येऊन फुगवटा दिसायचा. शस्त्रक्रिया ठरली होती.

"मी नाही करू देणार! भुलीने मेंदू मरतो, असं तूच लिहिलंस ना?"

"पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी गं, केर. आणि त्यांना भूलही कितीतरी तास दिली होती."

"मग फिनला काही होणार नाही, असं सांग ना."

ब्रॉनविनने फिनच्या डोक्यावरून हात फिरवला. "छातीठोकपणे नाही सांगता येत. अजून ठाऊक नाही. पण आतडं अडकलं तर तो जाऊ शकतो, हे ठाऊक आहे."

"खोटं बोलून धीर तरी द्यायचास!" केरिन रडता रडता हसली. मग माझ्यात डोकावली. माझं नेत्रभिंग ओलं झालं. डोळे पुसून ती म्हणाली, "करू या. पण तू माझ्याजवळ बसायचंस."

ब्रॉनविन बसली. फिन शुद्धीवर आला आणि दूध मागत भोकाड पसरून रडला.

पुढे लहानपणी भूल घेतलेल्या मुलांची तिने वर्षानुवर्षं विचारपूस केली. एकदाच, थोडा वेळ भूल दिलेली मुलं इतर मुलांसारखीच वाढताना दिसली. जास्त वेळच्या भुलीचं कोडं मात्र सुटलं नाही. ब्रॉनविन निवृत्त झाली, कॅमेऱ्याची नवी यंत्रं आली आणि माझ्या भिंगांवर बुरशी चढली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना कोरडं ठेवा, मऊ कापडाने पुसा. आणि आपलं माणूस "अजून ठाऊक नाही" म्हणालं, तर रागावू नका. तेवढं बोलून ते निघून जातं, की तुमच्याजवळ बसून राहतं, ते बघा.